चष्मेवाल्याचा कानाडोळा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (डोळ्यात इंजेक्शन घेतल्यावर वाकलं तर चालतं, असं डॉक्टरबाई म्हणतात. तरी मी बेतानंच वाकलोय, तेवढं चालवून घे.) तुझा गुडघा कुरकुरत का होईना पण चालत असेल, भावजींचा खोकला त्यांच्यासारखाच वक्तशीर असेल, आणि तुमच्या गॅलरीतली ती अडेल खिडकी आता तरी लागत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं मजेत. 'मजेत' हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. मी खरोखरच इतका मजेत आहे की काल बायकोनं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

तुझ्या कानावर आलंच असेल की माझा डोळा गेला. सांगणारा उत्साही असेल तर दोन्ही गेले असंही सांगितलं असेल. एका आत्येभावाचा फोन आला तो मीच उचलला, आणि माझा आवाज न ओळखता त्यानं माझ्यापाशीच माझ्याबद्दल दहा मिनिटं हळहळ व्यक्त केली. (चांगलं बोलला. मी इतका सज्जन आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.) तर डोळा गेलेला नाही. जायला निघाला होता, चपला घालून दारापर्यंत पोचलाही होता, पण त्याला हाताला धरून परत आणलाय. कसा आणला ते सगळं सांगतो. तू पाय पसरून बस.

एकतीस वर्षं मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवतोय. 'हे बरं दिसतं, की हे?' हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारलाय की बायकोनं पडद्याची दोन कापडं पुढे धरली, तरी मी आधी तिचा एक डोळा झाकतो. आता असा माणूस दर पहिल्या तारखेला स्वतःचेही डोळे तपासणारच. दुकान उघडायच्या आधी खुर्चीत बसायचं, समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचायचा, आणि स्वतःला शाबासकी द्यायची. शेवटची ओळ मी नेहमी न चुकता वाचत आलो. मध्यंतरी बारीक स्क्रू दिसेनासे झाले, तेव्हा मी कंपनीचे स्क्रू बिघडले असं ठरवलं. मग वर्तमानपत्राच्या छपाईला नावं ठेवली. मग स्वतःच्या चष्म्याचा नंबर पाव-पावनं वाढवला. वर्षात चार चष्मे केले आणि चारी कपाटात गेले. साखर माझ्या अंगात चौदा वर्षं मुक्कामाला आहे हे मला माहीत होतं, पण ती डोळ्यांपर्यंत येईल असं कधी वाटलं नाही. घरच्याच माणसाला तपासायचं कशाला, असा तो भाव. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिव्याचंच दुकान होतं.

पहिला धक्का दिला बँडमास्तरांनी. हे गृहस्थ पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेले, अजून एक वाद्यवृंद चालवतात. अतिशय शांत माणूस. ज्याच्यासमोर आयुष्यभर वीस ढोल आणि तीस पिपाण्या वाजल्या, तो एक तर वेडा होतो नाहीतर शांत. त्यांच्या चष्म्याला तिरप्या नंबराचा कोन द्यायचा होता एकशेसाठचा, मी तो कागदावर शंभर वाचला आणि तसाच घासून दिला. तो चष्मा लावून ते चौथऱ्यावर चढले, त्यांना चौथरा डावीकडे उतरता दिसला, आणि पहिला ठोका द्यायच्या आधीच ते उजवीकडच्या तुतारीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. मी माफी मागू लागलो. बराच वेळ मागितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मालक, तुम्ही माझ्याशी बोलताय की माझ्या कानाशी?"

मी म्हटलं, तुमच्याशीच.

"मग बघताय कानाकडे. मागच्या वेळीही कानाकडेच बघत होता."

ताई, मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण ते गेल्यावर आरशासमोर उभा राहिलो आणि नाकाकडे नीट बघायला लागलो, तर उजव्या डोळ्यानं नाक दिसेना, आणि डावा तर लहानपणापासूनच मंद. मधोमध कुणी दुधात बुडवलेलं बोट टेकवल्यासारखा डाग. कानाकडे बघितलं की नाक कडेनं थोडं दिसायचं. म्हणजे कित्येक महिने मी गिऱ्हाइकांच्या कानाकडे बघून त्यांची तोंडं ओळखत होतो. लोक दुखण्याकडे कानाडोळा करतात, मी तो शब्दशः केला.

तरीही मी मान्य केलं नाही. तू मला लहानपणापासून ओळखतेस, झाडावरून पडल्यावर मी जमिनीतच काहीतरी खोट काढली होती. बायकोला म्हटलं, तक्ता सगळा वाचतो मी, डोळे शाबूत आहेत. ती दुकानात फ्रेमा गरम करून वाकवण्याचं काम करते, त्यामुळे वाकडं सरळ करायची तिला सवय आहे. एकाही शब्दानं वाद घातला नाही. पहिली तारीख आली. मी खुर्चीत बसलो, डावा डोळा झाकला आणि सुरू केलं. वरचं मोठं अक्षर, खालची दोन, त्याखालची तीन, करत करत शेवटच्या ओळीपर्यंत आलो, 'प, ख, ट, न, ष' खणखणीत वाचून दाखवलं आणि विजयी चेहऱ्यानं तिच्याकडे वळलो. (बहुधा तिच्या कानाकडे.) ती म्हणाली, छान. आता उठून जवळ जा. जवळ गेलो. तक्ता तिनं आदल्या संध्याकाळीच उतरवून ठेवला होता. त्या जागी दुकानाच्या सुट्ट्यांची यादी लावलेली होती.

त्याच दिवशी तिनं मला डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. आधी डोळ्यात थेंब घालतात. बाहुली अशी उघडते की तू माझ्या डोळ्यातून आत येऊन फिरून जाशील. मग जगात सगळीकडे उजेडच उजेड. भिंती चमकतात, फरशी चमकते, टकलू माणूस आला तर बघवत नाही. मला त्यात एक प्रकारचा हर्षच झाला. बायको केसपेपरच्या रांगेत उभी असताना मी चहाच्या शोधात निघालो, समोर बाकावर माणसं ओळीनं बसलेली दिसली, आणि एका बाईंच्या हातात बिस्किटाचा पुडा आहे इतकं कडेनं दिसलं. मी ओळीत बसलो. ती ओळ चहाची नव्हती. ती बाई रक्तावर संशोधन करत होती.

भली मुलगी हो. मला थेंब घातलेत हे बघून तिनं संमतीचा कागद सगळा मोठ्यानं वाचून दाखवला. हा उपचार नाही, यातून तुमचा लगेच फायदा होईल असं नाही, केव्हाही नाही म्हणू शकता, असं तीन-तीनदा सांगितलं. मधुमेहात ज्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडतो, त्यांच्या रक्तात सुजेच्या खुणा जास्त सापडतात का, हे तिला बघायचं होतं. अंगात कुठे सूज, दाह असला की रक्तात काही पदार्थ वाढतात, ते मोजता येतात. त्यातल्या एकाचं नाव सीआरपी. बाकीच्यांची नावं अशी की उच्चारता उच्चारता जिभेला गाठ बसावी. मी म्हटलं घ्या रक्त. आणि दोन बिस्किटं उचलली. तिनं ती सौम्यपणे परत घेतली, कारण ती उपाशीपोटी आलेल्या मंडळींसाठी होती आणि मी मधुमेही होतो.

मग डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. हनुवटी टेकवा, वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा. (ते मला उत्तम जमलं.) डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढले आणि बायकोला दाखवत मला समजावलं. मी त्यांना म्हटलं की गेल्या वर्षात मी चार वेळा नंबर बदलून बघितला, कशानंच नीट दिसेना. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रोजेक्टरची काच पुसत बसलात. ओल भिंतीला आली आहे." साखरेनं पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागल्या होत्या, आणि नेमकं ज्या ठिपक्यानं आपण वाचतो, माणूस ओळखतो, तिथेच पाणी साचून सूज आली होती. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळत नाही. चौदा वर्षांत एकदा तरी थेंब घालून पडदा तपासला होता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाई, मी चष्मेवाला आहे. त्या म्हणाल्या, ते मी विचारलं नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि बायकोचा चेहरा बघायचा प्रयत्न केला. ती अगदी समोर होती. पदर दिसला, कानातलं दिसलं, मधे ती नव्हती.

पण माझी गाडी फार वेळ घाटात थांबत नाही हे तुला ठाऊक आहे. आठवड्यानं त्या संशोधन करणाऱ्या मुलीचा फोन आला. सीआरपी पाचच्या आत असावा, माझा निघाला सव्वीस. तिच्या नियमाप्रमाणे इतका आला की डॉक्टरांना कळवावं लागतं. मी विचारलं, त्या दिवशीच्या ओळीत कुणाचा याहून जास्त? ती म्हणाली, ते सांगता येत नाही, पण अभिनंदन करण्यासारखी गोष्ट नाही. डॉक्टरबाईंनी मला बसवून सांगितलं की हा आकडा म्हणजे आगीचा भोंगा आहे, आग कुठल्या घरात ते तो सांगत नाही. डोळ्यामुळेच एवढा वाढला असं त्यांना वाटेना. दाहानं डोळा बिघडतो, की दोघंही साखरेचीच पोरं, याचा निकाल अजून लागायचाय, म्हणून तर ती मुलगी रक्त गोळा करत फिरतेय. पण कुठे जंतू दबा धरून बसले असतील तर साखर आवरत नाही, आणि साखर आवरली नाही तर डोळा आवरत नाही, एवढं नक्की. तेव्हा शोधा.

आणि ताई, शोध सुरू झाला. बायकोनं विजेरी घेऊन माझी तळपायापासून तपासणी केली. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, नखं पाहिली, एक जुना काटा सापडला तो निर्दोष सुटला. सासऱ्यांनी फोनवर निदान केलं की दाह माझ्या स्वभावात आहे, रक्तात तो नंतर उतरला. बँडमास्तर चष्मा बदलून न्यायला आले होते, ते म्हणाले की तीस वाद्यांत एक बेसूर असेल तर सगळ्यांना थांबवून एकेकाला वाजवायला लावावं. कल्पना चांगली होती, पण माझ्या सगळ्या अवयवांनी साळसूदपणे सूर दिला. छातीचा फोटो साफ, लघवी साफ. एका अवयवाला मात्र मी वाजवायला लावतच नव्हतो. उजवीकडची खालची शेवटची दाढ. तिच्यावर सहा वर्षांपूर्वीची टोपी होती, आणि गेले आठ महिने मी फक्त डावीकडून चावत होतो. कुणाला बोललो नव्हतो. दातांच्या दवाखान्याची मला भीती वाटते. (तू हसू नकोस. दुधाचा दात पाडताना तूच तो दोऱ्यानं दाराच्या कडीला बांधला होतास.)

बायकोला कळलं ते माझ्या उशीमुळे. म्हणाली, एकाच कुशीवर का झोपतोस, आणि झोपेत गाल धरून का? मी काहीतरी थाप मारली. तिनं विजेरी पायाकडून तोंडाकडे वळवली.

दातवाले डॉक्टर आमच्याच रस्त्यावर, पलीकडच्या कोपऱ्यावर. त्यांनी फोटो काढून दाखवला, दाढेच्या मुळाशी पुवाची पिशवी. इतके महिने तिथे शेकोटी पेटलेली होती. दाढ काढावी लागणार. त्यांनी सुई दिली, माझा अर्धा जबडा आणि अर्धी जीभ परगावी गेली. दिवा तोंडावर ओढून, पक्कड घेऊन ते वाकले, आणि तेव्हा माझ्या कडेच्या नजरेला त्यांच्या नाकावरची फ्रेम दिसली. गडद हिरवी, कानाशी पितळी ठिपका. अशी फ्रेम गावात एकच विकली गेली होती. ती मी विकली होती. माझ्याच दुकानातून, दोन महिन्यांपूर्वी, म्हणजे मी एकशेसाठचा शंभर वाचत होतो त्याच दिवसांत.

म्हणजे जो माणूस माझी उजवीकडची शेवटची दाढ काढणार होता, त्याला ती माझ्या कृपेनं डावीकडे उतरती दिसत असणार होती. शेजारची निरोगी दाढ, कदाचित जीभ, कदाचित नाकसुद्धा. मी उठून बसलो. त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा हातानं काढला आणि खिडकीकडे धरून काचा तपासू लागलो. मला काय कप्पाळ दिसणार? बायको आत आली. मी तिला सगळं समजावलं, पण अर्ध्या जिभेनं ते 'थथमा, थुकीथा थथमा' असं ऐकू येत होतं. तिला वाटलं मला घेरी आली. दातवाल्यांनाही वाटलं की मला घेरी आली. शेवटी मी त्यांच्या पॅडवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चष्मा मी केलाय. माझे डोळे खराब आहेत. नंबर चुकीचा असेल. दात काढू नका.'

त्यांनी ते वाचलं. जरा अवघडून बायकोकडे बघितलं. मग म्हणाले, "घाबरू नका. फ्रेम तुमची आहे. काचा मी दुसरीकडे बसवून घेतल्या."

ताई, आयुष्यात इतका अपमान आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी झाला नव्हता. एकतीस वर्षांचं दुकान, शेजारी राहणारा माणूस, आणि काचा दुसरीकडे. पण जीव भांड्यात पडला. मी चष्मा त्यांच्या नाकावर परत बसवला, सवयीनं दोन्ही काड्या कानामागे नीट दाबल्या, आणि खुर्चीत आडवा झालो. दाढ चार मिनिटांत निघाली. योग्य तीच. मी मोजून खात्री केली.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. सव्वीसचे चार झाले. सकाळची साखरही जरा माणसात आली. मला वाटलं आता डोळाही आपोआप सुधारेल, पण डॉक्टरबाईंनी तो भ्रम लगेच काढला. आग विझली म्हणून ओल आलेली भिंत कोरडी होत नाही, तिचं वेगळं काम करावं लागतं. ते काम म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच तुझे डोळे पांढरे झाले असतील, माझेही झाले होते. पण आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, मग एक टोचल्याचा भास आणि झालं, सुई दिसतसुद्धा नाही. मी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या खोलीतल्या घाबरलेल्या म्हाताऱ्यांना नंतर मीच धीर दिला. महिन्याला एक, अशी तीन झाली, अजून काही होतील. दुसऱ्यानंतर एका सकाळी बायको आरशासमोर उभी होती. मी सहज बघितलं आणि मला तिचं नाक दिसलं. मग भुवई. मग ती माझ्याकडे बघून, काय बघतोस म्हणून वैतागलेली दिसली. मला तो वैताग इतका सुंदर वाटला की मी रडलो. तिला सांगितलं थेंबांमुळे पाणी येतंय. त्या दिवशी थेंब नव्हते.

शेवटचं सांगतो. डाग पडल्यापासून ज्यांचे ज्यांचे चष्मे मी केले, त्या सगळ्यांना फोन करून बोलावलं. पलीकडच्या गल्लीतल्या नेत्रतपासणी करणाऱ्या बाई रोज दोन तास येऊन बसल्या आणि एक्केचाळीस चष्मे पुन्हा तपासले. नऊ चुकलेले निघाले. आठ फुकट बदलून दिले. नववी बाई चष्मा परत द्यायला तयार नाही. म्हणते, यातून आमचे हे बारीक दिसतात.

बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा निरोप मिळाला. 'मधली अक्षरं पुसट दिसतात, ओळी वाकड्या दिसतात, मागच्यापेक्षा जरा जास्त नंबराचा चष्मा पाठव.' यंदाचा हा तिसरा. आधीचे दोन मी तुला न बघता, नुसत्या निरोपावर, घासून टपालानं पाठवले. माझी साखर चौदा वर्षांची, तुझी बावीस, आणि मी तुला काचा पाठवत बसलो. त्याची लाज इतकी वाटते की ती लिहायला मला वर एवढी पानं लागली. ताई, तिसरा चष्मा पाठवत नाही. गुरुवारी सकाळी दहाला मी दारात येतोय, साडेअकराला डॉक्टरबाईंनी तुझी वेळ दिली आहे. नाही म्हणू नकोस. दाराला कडी असली तर दोरा मी आणतोय.

दुसरा ता. क. पत्रात अक्षर एवढं मोठं आणि काळं का, असं तुला वाटलं असेल. बिचारा, नजर गेली म्हणून असं लिहितो, असंही वाटलं असेल. मला आता बारीक वाचता येतं. हे मी तुझ्यासाठी मोठं काढलंय.

तिसरा ता. क. (हे मी लिहितेय, तुमची भावजय.) वन्सं, इंजेक्शनच्या वेळी हे हूं की चूं करत नाहीत हे खरं आहे, कारण तिन्ही वेळा यांनी माझा अंगठा चावून धरला होता, तोही उजव्या बाजूनं, जिथे दाढ नाही, म्हणून वाचला. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्यांनी यांना धीर दिला. गुरुवारी मीही येतेय. तुम्हाला भीती वाटली तर लपवू नका, माझा दुसरा अंगठा अजून शिल्लक आहे.